आगबोटीतून उतरलेलं गाव



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याकडे मी शाळेत भूगोल शिकले. नकाशा काढायला बसलो की सरांचा एक नियम असायचा. आधी नदी काढायची, मग रेल्वे. आम्हाला रेल्वेची घाई, कारण ती सोपी. दोन रेघा मारल्या, आडव्या काड्या टाकल्या की झालं. नदीला मात्र वळणं. सर फळ्यावर खडूनं राजमाचीच्या डोंगरातून निघालेली उल्हास कर्जत, नेरळ, बदलापूर, शहाड, कल्याण अशी खाली आणायचे, वसईच्या खाडीत सोडायचे, आणि मग म्हणायचे, "आता टाका रूळ." रूळ टाकताना आमच्या लक्षात यायचं की गाडी बरीचशी नदीनं आखून दिलेल्या वाटेनंच जाते.

आज मी सरांचाच नियम पाळणार आहे.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या आपल्या तिन्ही गावांची ओळख आपण स्टेशनावरून सांगतो. राहता कुठे, तर पूर्वेला नाही तर पश्चिमेला. म्हणजे रुळांच्या अलीकडे की पलीकडे. १ मे १८५४ रोजी गाडी कल्याणपर्यंत आली, १२ मे १८५६ रोजी पळसदरीवरून खोपोलीपर्यंत पोचली, आणि आपला इतिहास तिथून सुरू झाला असं आपण धरून चालतो. माझं म्हणणं असं की ही तिन्ही गावं मुळात एका बंदराच्या पाठीशी वसलेली आहेत. त्यातलं एक तर थेट आगबोटीतून उतरलेलं आहे. ते पाणी आपण आपल्या इतिहासातून वगळलं, आणि ते ज्यांना आठवतं अशी माणसं आता फार थोडी उरली आहेत.

बंदर अर्थातच कल्याणचं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' या दर्यावर्दी वाटाड्यात त्याचं नाव 'कॅलिएना' असं येतं. आधीच्या राजवटीत हे रीतसर व्यापारी बंदर होतं. पुढे सत्ता बदलली, अडवणूक सुरू झाली, आणि इथे लागलेली ग्रीक गलबतं पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, असं तो सांगतो. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांची नावं कोरली आहेत, त्यांत कल्याणचे लोक आहेत. सहाव्या शतकातला अलेक्झांड्रियाचा कॉस्मस नावाचा प्रवासी 'कॅलियाना' हे भारतातल्या मोठ्या व्यापारी ठाण्यांपैकी एक म्हणून सांगतो, आणि इराणातून नेमलेला ख्रिस्ती बिशप तिथे राहतो अशी नोंद करतो. खाडीच्या आत, चिखलात आणि खारफुटीत दडलेलं हे गाव तेव्हा अलेक्झांड्रियाच्या माणसाला माहीत होतं.

आता बंदर चालायचं तर घाटावरचा माल खाली यायला वाट लागते. कल्याणहून अशा दोन वाटा निघत. एक शहाड, म्हारळवरून मुरबाडकडे आणि पुढे नाणेघाटानं जुन्नरला. दुसरी उल्हासच्या खोऱ्यातून बदलापूर, कर्जतवरून बोरघाटाकडे. नाणेघाटाच्या माथ्यावरचा जकातीचा दगडी रांजण आपल्यापैकी पुष्कळांनी सहलीत पाहिला असेल. त्या रांजणाच्या वाटेवरचे खालचे मुक्काम आपल्या आसपासच्या गावांतही पडायचे. बैल सोडायला पाणी हवं, पाणी नदीला. आपली गावं नदीच्या काठी का, याचं उत्तर इतकं साधं आहे.

अंबरनाथच्या देवळाबद्दल एकच गोष्ट सांगते, कारण देवळावर स्वतंत्र व्याख्यान व्हायला हवं. तिथल्या शिलालेखात शके ९८२ आहे, म्हणजे इसवी सन १०६०, आणि मुम्मुणी या शिलाहार राजाचं नाव आहे. उत्तर कोकणचे हे शिलाहार बंदरांवर जगणारे राजे. त्यांच्याच घराण्यातल्या अनंतदेवाचा शके १०१६ चा ताम्रपट खारेपाटणला सापडला. ठाणे, सोपारा, चौल या बंदरांत येणाऱ्या मालावरची जकात त्यानं आपल्या मंत्र्याला आणि मंत्र्याच्या भावाला माफ केल्याचं त्यात नोंदलं आहे. त्याच घराण्याच्या मुलखात, बोरिवलीजवळच्या एकसरला वीरगळ आहेत, आणि त्यांवर वल्ह्यांच्या रांगा असलेल्या जहाजांची लढाई कोरलेली आहे. वालधुनीच्या काठी एवढं कोरीव शिवालय उभं करणाऱ्या राजवटीचं तोंड समुद्राकडे होतं. देवळात जाल तेव्हा हे ध्यानात ठेवून पाहा.

शिवाजी महाराजांचा भाग तुम्हाला पाठ आहे. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली, खाडीच्या काठावर दुर्गाडी किल्ला उभा राहिला आणि मराठी आरमाराची पहिली जहाजं इथल्या खाडीत बांधली जाऊ लागली. कामावर पोर्तुगीज कारागीर होते. रुय लैतांव व्हिएगश हा त्यांचा मुख्य. १६५९ मध्ये वसईच्या पोर्तुगीजांनी त्याला फितवलं आणि तो आपली माणसं घेऊन निघून गेला. तरी काम थांबलं नाही. परक्या कारागिरांच्या हाताखाली राबलेल्या इथल्या सुतारांनी आणि कोळ्यांनी ते पुढे नेलं, याचं मला फार मोल वाटतं. त्यांची नावं कोणत्याही पत्रात आलेली नाहीत. पोर्तुगीज मुकादमाचं नाव आपल्याला ठाऊक आहे, आपल्याच सुताराचं नाही.

मग रेल्वे आली आणि खाडीनं चाललेला माल हळूहळू वाघिणींत चढला. पडाव आणि मचवे राहिले, पण रेतीसाठी. कल्याणचं 'रेतीबंदर' हे नाव तेवढं शिल्लक आहे. गंमत अशी की वाफेच्या इंजिनालाही पाणीच लागायचं. अंबरनाथजवळ काकोळ्याचा तलाव आजही रेल्वे कंपनीच्या नावानं 'जीआयपी टँक' म्हणूनच ओळखला जातो.

इथवर मी भराभर आले. आता थांबते, कारण ज्यासाठी आज उभी आहे ती गोष्ट इथून सुरू होते.

मी लहान असताना आम्ही उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये राहायचो, शहाडच्या बाजूला. बराकीतली खोली. दुसऱ्या महायुद्धात फौजेसाठी बांधलेल्या दोन हजारांवर बराकी होत्या. मधे लांबलचक हॉल आणि दोन्ही टोकांना खोल्या. पुढे त्या हॉलमध्ये गोणपाटाचे पडदे लावून एकेका कुटुंबानं संसार मांडला. आम्ही गेलो तोवर गोणपाट जाऊन विटा आल्या होत्या. शेजारी एक सिंधी म्हातारी राहायच्या. सगळे त्यांना अम्मा म्हणत, मीही म्हणायचे. दर महिन्याला अमावास्येनंतर चंद्रकोर दिसायची, त्या दिवसाला त्या 'चंड' म्हणत. चंडच्या संध्याकाळी अम्मा पितळी वाटी घेऊन निघायच्या आणि मला हाक मारायच्या, "चल, दर्यावर जाऊ."

दर्या! मला वाटलं, समुद्र. मी पळत घरात जाऊन आईला सांगितलं की अम्मा मला समुद्रावर नेतायत. आई घाबरली. मुंबई काय जवळ होती? अम्मांनी मला नेलं ते म्हारळच्या अंगाला, उल्हासच्या काठावर. गुडघाभर पाणी, पलीकडे म्हशी. मी रुसून बसले. हा कसला दर्या?

पुष्कळ वर्षांनी मला कळलं की आमच्यापैकी कुणीच चुकत नव्हतं. शब्द फारसी. मराठीनं तो घेतला समुद्रासाठी. सिंधीनं घेतला नदीसाठी, आणि सिंधमध्ये नदी म्हणजे सिंधू. त्या एका शब्दात मराठी माणसाला कोळी दिसतो आणि सिंधी माणसाला नदीचा देव झूलेलाल. आपण दोघं पंचाहत्तर वर्षांहून अधिक काळ एकमेकांशेजारी राहतो आहोत आणि एकच शब्द दोन पाण्यांसाठी वापरतो आहोत.

वाटीत तांदूळ असायचे, साखर घातलेले. त्याला त्या 'अखो' म्हणत. काठावर चपला काढून अम्मा पाण्यात दोन पावलं जायच्या, ओढणीचं टोक दोन्ही हातांनी पुढे धरायच्या आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटायच्या. या मागण्याला सिंधीत 'पल्लव' म्हणतात. आपण पदर पसरणं म्हणतो. हात तेच, कापड तेच. मग मुठीनं तांदूळ पाण्यात सोडायच्या. तांदूळ लगेच बुडायचे नाहीत. थोडे पृष्ठभागावर फिरत राहायचे, लहान मासे वर यायचे आणि मग वाटी रिकामी. शेवटचे चार दाणे माझ्या हातावर. ते गोड लागायचे.

एकदा त्यांनी विचारलं, "हे पाणी पुढे कुठे जातं?" मी सरांची विद्यार्थिनी. म्हटलं, कल्याणला, मग डोंबिवलीकडून ठाण्याच्या अंगानं वसईला, आणि मग समुद्रात. "कुठल्या समुद्रात?" अरबी. अम्मा काही बोलल्या नाहीत. परतताना म्हणाल्या, "आम्ही त्याच समुद्रानं आलो."

अम्मा नऊ वर्षांच्या होत्या तेव्हा कराचीहून आगबोटीनं मुंबईला आल्या.

यामागचं मोठं चित्र थोडक्यात सांगते. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध घेतला आणि चार वर्षांनी तो मुंबई इलाख्याला जोडला. १ एप्रिल १९३६ पर्यंत कराची आणि कल्याण एकाच इलाख्यात होती. दोहोंमधला रोजचा रस्ता समुद्राचा. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या आगबोटी टपाल, माल आणि उतारू घेऊन मुंबई ते कराची आणि पुढे इराणी आखातापर्यंत जात. या वाटेनं मराठी कारकून आणि मास्तर सिंधला गेले. कराचीत आजही नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावाची शाळा आहे. हे वैद्य सिंधमध्ये शिक्षण खात्यात होते आणि सिंधी लिपीच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता. उलट बाजूनं सिंधी व्यापारी मुंबईला आले आणि मुंबईवरून जगभर गेले. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाल्यावर हैदराबाद-सिंधचे 'सिंधवर्की' पेढीवाले कोबे, हाँगकाँग, जिब्राल्टर ते पनामापर्यंत दुकानं मांडून बसले. बंदर दिसलं की दुकान, अशी त्यांची रीत.

पण कॅम्पात आलेले बहुतेक लोक यांतले नव्हते. ते शिकारपूर, लारकाना, सक्खर इथले किराणेवाले, धान्याचे अडते, शाळामास्तर, मुनीम. त्यांनी जन्मभर नदी पाहिलेली, समुद्र कधीच नाही. समुद्राची पहिली भेट झाली ती फाळणीत घर सुटल्यावर. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल झाली आणि त्यानंतर धक्क्यावरची गर्दी कैकपटीनं वाढली. काही जण रेल्वेनं राजस्थानात गेले, पुष्कळ जण बोटीनं ओखा, वेरावळ आणि मुंबईला आले. मुंबईला उतरलेल्यांपैकी हजारोंना सरकारनं शहरात न ठेवता गोदीवरून गाडीत बसवून कल्याणच्या या छावणीत आणलं.

अम्मांना आगबोटीतलं काय आठवायचं? डेकवरच्या उतारूंत त्यांचं कुटुंब होतं. वर आभाळ, खाली लोखंडी पत्रा, दिवसा तापायचा आणि रात्री गार पडायचा. आईनं गोधडीच्या चार कोपऱ्यांवर चार ट्रंका ठेवून 'घर' केलं होतं. शेजारच्या कुटुंबाच्या लोणच्याच्या बरण्या डोलकाठीला दोरीनं बांधलेल्या. पहिल्या रात्री सगळ्यांना बोट लागली, पोरं ओकली. दुसऱ्या सकाळी आजीनं कठड्यापाशी जाऊन अखो सोडायला तांदूळ काढले, तर कुणीतरी अडवलं: इथे दर्या कुठे आहे, हा समुद्र! आजी म्हणाली, सगळं पाणी लाल साईंचंच, म्हणजे झूलेलालचंच. आणि मूठ सोडली. हे अम्मांनी मला किती वेळा सांगितलं असेल. बोटीचं नाव मात्र त्यांना कधीच आठवलं नाही.

८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली आणि कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं. नाव नदीवरून. नदीवरून विस्थापित झालेल्या लोकांच्या गावाला दुसऱ्या नदीचं नाव मिळालं. सरकारी कागदावर ते 'निर्वासित' होते. त्यांच्यातल्या वडीलधाऱ्यांना तो शब्द सोसायचा नाही. ते स्वतःला 'पुरुषार्थी' म्हणवत. आपण मराठी माणसांनीही हा फरक राखायला हवा होता. राखला नाही.

झूलेलालची कथा दहाव्या शतकातल्या ठठ्ठ्याची. राजानं धर्म बदलायला लावला, लोक सिंधूच्या काठी चाळीस दिवस उपास धरून बसले, आणि नदीनं त्यांना वचन दिलं. त्या चाळीस दिवसांचं व्रत म्हणजे 'चालिहो', आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये दिसतं. आपल्या पाडव्याच्या आसपास, बहुधा दुसऱ्याच दिवशी, चेटीचंड येतो आणि 'बहराणा' निघतो. पितळी थाळीत कणकेचा दिवा, खडीसाखर, वेलची, फळं, फुलं, कलश. नाचतगात ते पाण्यापर्यंत न्यायचं. नारळीपौर्णिमेला आमच्या वसईकडच्या कोळ्यांचा नारळ समुद्राला जातो आणि उल्हासनगरचा बहराणा नदीला. दोघांचं मागणं एकच असतं: माणसं सुखरूप परत येऊ देत.

चित्रात झूलेलाल ज्या माशावर बसतात त्याचं नाव पल्लो. हिल्सा. मराठी कोळी त्याला पाला म्हणतात. हा मासा समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नदीत प्रवाहाविरुद्ध वर चढतो. सिंधी लोकांची श्रद्धा अशी की पल्लो सिंधूतून वर सक्खरपर्यंत पिराच्या दर्शनाला जातो. १९५५ मध्ये कोटरीला धरण झालं आणि पल्ल्याची ती वारी अडली. इकडे उल्हासवर बदलापूरला बॅरेज, मोहन्याला बंधारा, बारवीवर १९७० च्या दशकात बांधलेलं धरण. पिण्याचं पाणी हवंच, आपण सगळे तेच पितो आहोत, मी त्याला विरोध करत नाही. पण समुद्रातून वर येणाऱ्याची वाट दोन्ही नद्यांवर बंद झाली, हे मला विसरता येत नाही.

आणि वालधुनी? अकराव्या शतकातल्या त्या देवळाशेजारून वाहणारी ही नदी आता कोणत्या दिवशी कोणत्या रंगाची असेल हे काठावरची पोरं पैजेवर सांगतात. नोव्हेंबर २०१४ मध्ये रात्री टँकरमधून तिच्यात रसायन ओतलं गेलं आणि उल्हासनगरात शेकडो माणसं गुदमरून इस्पितळात गेली. त्या पाण्यात अखो कोण सोडणार? अलीकडे बहराणा घेऊन जाणारी काही कुटुंबं घरीच मोठ्या परातीत पाणी घेतात, असं मी पाहिलं. ज्यांचा देव पाणी आहे त्यांना आपण परातीवर आणलं. याची मला लाज वाटते, आणि ती जाहीरपणे बोलून दाखवायला मी इथे आले आहे.

नदी आपल्याला विसरलेली नाही. २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून निघालेली कोल्हापूरची महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे पुरात अडकली. सुमारे १०५० प्रवासी. सकाळी चामटोलीच्या आसपासचे गावकरी कमरेभर पाण्यातून पुढे झाले, मागून राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या रबरी होड्या आल्या, नौदलाची पथकं आली. एका रेल्वेगाडीच्या दाराला होड्या लागल्या आणि बायका, पोरं, म्हातारे एकेक करून उतरले. टीव्हीवर ते बघताना मला अम्मांची आठवण आली. त्या तेव्हा नव्हत्या. असत्या तर म्हणाल्या असत्या, दर्या घरी आला.

आता माझ्या कामाचं सांगते आणि थांबते. स्टेशन कधी झालं, कारखाना कधी आला, नगरपालिका कधी झाली, याची नोंद आपल्याकडे आहे. डेकवर चार ट्रंकांच्या मधे जी मुलं झोपली त्यांची नोंद कुठेही नाही. १९४८ मध्ये जे पाच वर्षांचे होते ते आज ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्यापैकी काही या सभागृहात असतील, काहींची नातवंडं असतील. व्याख्यान संपल्यावर मी दाराजवळच्या टेबलाशी वही घेऊन बसणार आहे. मराठीत सांगा, सिंधीत सांगा, हिंदीत सांगा, मी लिहून घेईन. बोटीचं नाव आठवत असेल तर फारच उत्तम. नसेल आठवत, तर डेकवर कुठे बसला होतात, शेजारी कोण होतं आणि कराचीचा किनारा दिसेनासा झाला तेव्हा आई काय करत होती, तेवढं सांगा.